काळी पडलेली फुफ्फुसं



हवा खराब आहे असं नुसतं सांगून कुणी मनावर घेत नाही, कारण हवा डोळ्यांना दिसत नाही. ती दाखवायची कशी, हे आज समजून घेऊ.

नवी मुंबईत खारघर आहे. जवळच तळोजा औद्योगिक वसाहत. तिथे जानेवारी २०२१ मध्ये वातावरण फाउंडेशन या संस्थेनं माणसाच्या फुफ्फुसांची मोठी, पांढरीशुभ्र प्रतिकृती उभी केली. ती धूळ अडवणाऱ्या फिल्टरची होती आणि मागे पंखे होते. पंखे हवा आत ओढायचे, कण फिल्टरवर अडकायचे. दहा दिवसांत ती फुफ्फुसं काळी पडली. दिल्लीत सर गंगाराम रुग्णालयात २०१८ साली अशीच फुफ्फुसं लावली होती. तीही आठवडाभरात काळवंडली. हे बघायला आकडेवारी कळावी लागत नाही.

हवेतले सगळ्यात घातक कण २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. आपला केस त्यांच्या जवळपास तीसपट जाड. नाक त्यांना अडवू शकत नाही. ते फुफ्फुसात खोल जातात, काही रक्तातही मिसळतात. दमा आणि हृदयविकार वाढतात. शहरात हे कण गाड्यांच्या, कारखान्यांच्या धुरातून येतात. आपल्याकडे चुलीतून, जाळलेल्या पऱ्हाट्यांतून आणि कचऱ्यातून. चुलीपाशी सगळ्यात जास्त वेळ बसतो आपण, आणि मांडीवर लेकरू असतं.

आपल्या बचत गटालाही हे करता येईल. पांढऱ्या सुती कापडातून फुफ्फुसांचे चार सारखे आकार कापा आणि पुठ्ठ्यावर चिकटवा. एक चुलीजवळ टांगा, पण जाळापासून लांब. एक अंगणात, एक रस्त्याकडेला. चौथा डब्यात बंद ठेवा. मागे जागा आणि तारीख लिहा. दहा दिवसांनी चारही शेजारी शेजारी ठेवून बघा.

एक लक्षात घ्या, हे मोजमाप नव्हे. बारीक कण साध्या कापडावर दिसत नाहीत. म्हणून कापड पांढरं राहिलं तरी हवा चांगली असं समजू नका.

मग ही कापडं महिला ग्रामसभेत लावा आणि तिथंच बोला. कुणाच्या घरात धुराडं नाही? कुणाचा गॅस सिलिंडर पैशाअभावी रिकामा पडून आहे? त्यासाठी गटातून कर्ज देता येईल का? पऱ्हाट्या पेटवण्याऐवजी कुट्टी करायचं यंत्र मिळून भाड्यानं आणता येईल का? ठरलेलं गटाच्या वहीत लिहा, आणि पुढच्या बैठकीत किती झालं ते विचारा.