दप्तर ढगात, किल्ली कोणाकडे?

दक्षिण कोरियातील देजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी माहिती-केंद्राला आग लागली आणि तीत तेथील सरकारी नोकरांची 'जी-ड्राइव्ह' ही सामाईक साठवण-व्यवस्था भस्मसात झाली. कामाचे कागद आपापल्या संगणकावर न ठेवता या मध्यवर्ती जागी ठेवावेत, असा दंडक २०१८ पासून घालण्यात आला होता. सुमारे ८५८ टेराबाइट माहिती तेथे साठली होती आणि तिची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती. ज्या खात्याने हा दंडक अधिक काटेकोरपणे पाळला, त्याचेच नुकसान अधिक झाले.

'क्लाउड' म्हणजे ढग, हे नाव मोठे फसवे आहे. हा ढग आकाशात नसतो. तो एखाद्या इमारतीत, यंत्रांच्या रांगांत असतो. त्याला वीज लागते, तो जळू शकतो आणि मुख्य म्हणजे त्याला मालक असतो. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या कंपनीचे केंद्र जळाले, तेव्हाही दुसरी प्रत न ठेवणारे अनेक ग्राहक असेच रिकाम्या हाती राहिले.

तथापि, यावरून या सोयींकडे पाठ फिरवावी असा निष्कर्ष कोणी काढील, तर ते शहाणपणाचे ठरणार नाही. एका वर्गाचे गुण पाच शिक्षकांनी पाच कागदांवर लिहावयाचे आणि सहाव्याने ते जुळवीत बसावयाचे, ही यातायात एका सामाईक तक्त्याने संपते. कोणी चुकीचा आकडा घातला, तर आधीची आवृत्ती पाहता येते. कचेरीत सुरू केलेले टिपण घरी पुरे करता येते. प्रश्न ढगावर जावे की नाही हा नसून, कोणते ॲप निवडावे आणि कोणत्या अटीवर, हा आहे.

फुकटाची किंमत

निवड करताना बहुतेकांची नजर फुकट काय मिळते याकडे जाते. परंतु फुकट मिळणारी सवलत हा करार नव्हे. गूगल फोटोजने २०१५ साली छायाचित्रांना अमर्याद जागा देऊ केली. १ जून २०२१ पासून नवी छायाचित्रे १५ गिगाबाइटच्या सामाईक मर्यादेत मोजली जाऊ लागली. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरणाऱ्यांना ५० टिपणांची मर्यादा घातली. कामांच्या याद्यांसाठी लोकप्रिय झालेले वुंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. या कंपन्यांनी काही बेकायदा केले असे नाही. दुकान त्यांचे, नियमही त्यांचेच.

म्हणून आत शिरण्याचा दरवाजा किती रुंद आहे, यापेक्षा बाहेर पडण्याचा दरवाजा आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. आपला सारा मजकूर एकदम उतरवून घेता येतो काय? तो दुसऱ्या ॲपमध्ये उघडतो काय? गूगलची 'टेकआउट' ही सोय याच कामासाठी २०११ पासून आहे, पण ती वापरणारे किती? मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक दक्षता घ्यावी लागते. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतो. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर मात्र कोठेही वाचता येतो आणि शोधताही येतो.

प्रत आणि प्रतिबिंब

दुसरा गैरसमज असा की, फोनवर, संगणकावर आणि ढगात एकच फाइल दिसते, म्हणजे आपल्या तीन प्रती झाल्या. वस्तुतः ती एकाच फाइलची तीन प्रतिबिंबे असतात. एका ठिकाणी खोडले की तिन्ही ठिकाणी खोडले जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती फाइल ३० दिवस राहते. त्यानंतर तीही वाट बंद होते. खरी प्रत ती, जी मूळ फाइल नष्ट झाली तरी शिल्लक राहते.

दाखल्यांच्या बाबतीत २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरचा मार्ग वेगळा आहे. तेथे देणारी संस्थाच आपल्या नोंदींतून दाखला पुरविते आणि कायद्याने त्याला मूळ कागदाचा दर्जा आहे. आपण स्वतः छायाचित्र काढून तेथे चढविलेल्या गुणपत्रिकेला तो दर्जा आपोआप मिळत नाही, हा भेद प्रवेशाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी जाणून घेतलेला बरा.

शिक्षक आणि कारकून यांच्यावर याहून मोठी जबाबदारी आहे, कारण त्यांच्या दप्तरातील माहिती त्यांची स्वतःची नसते. विद्यार्थ्यांचे गुण, जात, पत्ता, पालकांचा दूरध्वनी हे सारे 'दुवा असेल त्या कोणालाही' खुले ठेवणे म्हणजे कचेरीचे कपाट रस्त्यावर उघडे टाकणे होय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व मान्य केले आहे, ते उगाच नव्हे.

ॲप मोजकीच असावीत, खात्याला दुहेरी पडताळणीचे कुलूप असावे आणि महिनाअखेरीस महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत आपल्या ताब्यातील डिस्कवर उतरवावी. एवढ्या कामाला अर्धा तास पुरतो. कोरियातील सरकारी नोकरांना तो अर्धा तास आपल्या हाती ठेवता आला असता, तर त्यांची सारी वर्षे एका रात्रीत वाया गेली नसती.