भाषेचे नियम

चार वर्षांची एक मुलगी अंगणात भातुकली मांडून बसली होती. 'काय चालले आहे?' असे आईने विचारताच ती म्हणाली, 'मी भाकरी करली!' घरातील मोठी माणसे हसली. 'करली नव्हे, केली म्हणावे,' असे तिला सांगण्यात आले. चूक झाली हे खरे. परंतु ती चूक मुलीने आणली कोठून? तिच्या घरात 'करली' असे कोणीच म्हणत नव्हते. जेवढे ऐकले तेवढेच ती बोलत असती, तर हा शब्द तिच्या तोंडी आलाच नसता. तिने 'धर–धरली', 'भर–भरली', 'चर–चरली' अशी रूपे ऐकली होती. त्यांवरून तिने मनाशीच एक नियम काढला आणि तो 'कर' या धातूला लावला. तिचा नियम बरोबर होता. 'कर' हा धातूच तेवढा नियमाबाहेरचा निघाला.

मुले भाषा केवळ पाठ करीत नाहीत, तिचे नियम शोधून काढतात, ही गोष्ट अमेरिकेतील जीन बर्को या विदुषीने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दाखवून दिली. तिने एका काल्पनिक पाखराचे चित्र काढले आणि त्याला 'वग' असे निरर्थक नाव दिले. मग दोन पाखरांचे चित्र दाखवून 'आता हे दोन काय आहेत?' असे तिने लहान मुलांना विचारले. बहुतेक मुलांनी इंग्रजीच्या नियमाप्रमाणे 'वग्ज' असे अनेकवचन केले. हा शब्द त्यांनी जन्मात कधी ऐकला नव्हता! मराठीतही असा खेळ सहज करता येतो. 'लिबका' नावाचा एक प्राणी आहे असे धाकट्या भावंडाला सांगावे आणि विचारावे, 'एक लिबका, तर दोन काय? त्या प्राण्याला पाणी पाजायचे, तर कोणाला पाणी पाजायचे?' ते मूल 'दोन लिबके' म्हणेल आणि 'लिबक्याला' पाणी पाजील. 'का'चा 'क्या' करावा हे त्याला कोणी शिकवलेले नसते. सामान्यरूप हा शब्द तर त्याच्या कानावरूनही गेलेला नसतो.

मग शाळेत व्याकरण शिकवायचे तरी कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील; आणि व्याकरणाच्या तासाला कंटाळलेली मुले तो मोठ्या आनंदाने विचारतील. त्याचे एक उत्तर लेखनात सापडते. 'वकील' या शब्दात 'की' दीर्घ आहे, पण 'वकिलाला' लिहिताना ती ऱ्हस्व होते. 'फूल–फुलाला', 'मूल–मुलाला', 'गरीब–गरिबाला' ही सारी त्याच वाटेने जातात. 'शरीर' मात्र 'शरीराला' असेच राहते, कारण तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम आहे. बोलताना हा भेद कानाला फारसा जाणवत नाही, म्हणून तो कानाने शिकता येत नाही. तेथे नियम सांगावाच लागतो. आणि नियम सांगायचा, तर 'सामान्यरूप', 'तत्सम', 'उपान्त्य' अशी नावे हाताशी असावी लागतात. ज्या वस्तूला नाव नाही, तिच्याविषयी बोलणे कठीण!

मराठीपुरते हे नावे देण्याचे काम दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मोठ्या हिमतीने केले. त्यांच्या आधी, १८०५ साली, विल्यम कॅरी यांचे मराठीचे व्याकरण श्रीरामपूर येथे छापले गेले होते. पण ते इंग्रजीत होते आणि मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी होते. दादोबांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा थोर ग्रंथ आला. या परंपरेवर संस्कृत आणि इंग्रजी व्याकरणांची छाया पडली, हे साहजिकच होते. परंतु दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा कोठेतरी आखूड होतो, कोठेतरी ढगळ होतो.

विभक्तींचेच पाहावे. 'शिपायाने चोराला पकडले' यातील 'चोराला' ही द्वितीया आणि 'आजीने भिकाऱ्याला भाकरी दिली' यातील 'भिकाऱ्याला' ही चतुर्थी, असे मुले पाठ करीत आली आहेत. संस्कृतात 'रामम्' आणि 'रामाय' ही रूपेच निराळी आहेत, म्हणून तेथे दोन नावे शोभतात. मराठीत दोन्हीकडे प्रत्यय एकच, 'ला'. रूप एक असता नावे दोन कशाला, असे भाषाशास्त्र विचारते. अर्थ निराळा आहे म्हणून, असे परंपरागत व्याकरण सांगते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र कारण न सांगता मुलांकडून नुसता तक्ता घोकून घेणे हे दोन्ही शास्त्रांना न शोभणारे आहे.

भाषाशास्त्राची रीतच थोडी निराळी. लोक कसे बोलतात ते ते आधी ऐकते आणि टिपून घेते. 'जग सुंदर आहे' आणि 'शंभर वर्षे जग' या दोहोंतील 'ज' लिहिण्यात एक, पण उच्चारात दोन आहेत. मराठी मुलाला हे न सांगता येते. परभाषिकाला मात्र शिकवावे लागते. तसेच कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी असतात. म्हणून कन्नड बोलणारा मुलगा मराठी शिकू लागला, की दगड 'तो', भिंत 'ती' आणि घर 'ते' का, या कोड्यात तो अडखळणार. दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहणाऱ्या शिक्षकाला हे आधीच कळते.

बोलींकडेही हे शास्त्र त्याच कानाने पाहते, असे म्हणायला हरकत नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १८९४ ते १९२८ या काळात भारतातील भाषांची पाहणी केली. त्यांच्या ग्रंथमालेतील मराठीचा खंड १९०५ साली निघाला. एक बाप आणि त्याचे दोन मुलगे यांची बायबलातील एकच गोष्ट त्यांनी ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतली, म्हणजे बोलींची तुलना करता यावी. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. व्याकरणाचे पुस्तक त्यांनी कधी उघडले नाही. तरीही त्यांच्या बोलीतील कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, तेव्हा अवघ्या महाराष्ट्राने त्या डोक्यावर घेतल्या.

वऱ्हाडातून पुण्याच्या शाळेत नव्याने आलेला एखादा मुलगा 'मले नाही येत' असे म्हणतो आणि वर्ग खो खो हसतो. तो मुलगा खाली मान घालून बसतो. पुढे कित्येक दिवस तो उत्तरच देत नाही. येथे शिक्षकाने काय करावे? 'मले चूक, मला बरोबर' एवढेच सांगितले, तर तो आणखी मिटून जाईल. जाणता शिक्षक फळ्याचे दोन भाग करतो. एकीकडे 'मला, तुला, त्याला' लिहितो आणि त्या मुलालाच दुसरा भाग भरण्यास सांगतो. तो हळूहळू लिहितो, 'मले, तुले, त्याले'. एक प्रत्यय गेला, दुसरा आला. बाकी सारे जागच्या जागी. परीक्षेच्या पेपरात डावीकडचे लिहावे, कारण ती सर्वांची प्रमाणभाषा. घरी आजीशी उजवीकडचे बोलावे. मग शिक्षक, सर्वांत मोठ्याने हसलेल्या मुलाला उभे करून विचारतो, 'रामाला, घोड्याला, हे वऱ्हाडीत कसे म्हणशील?' तो क्षणभर फळ्याकडे पाहतो आणि उत्तर देतो, 'रामाले, घोड्याले.' वऱ्हाडचा मुलगा मान वर करून सांगतो, 'बरोबर आहे.'