हावड्याला निघालेली ‘स्टेशन वॅगन’

बालीगंजमधल्या जुन्या घरासमोर पिवळी ॲम्बॅसडर टॅक्सी उभी आहे. डिकी गच्च भरली. टपावरच्या कॅरिअरवर होल्डॉल चढला. मागे चौघं, पुढे ड्रायव्हरशेजारी आजोबा आणि त्यांच्या मांडीवर नातू. चलो हावडा! कोलकात्यातल्या कितीतरी कुटुंबांची पूजेची सुट्टी वर्षानुवर्षं अशीच सुरू झाली.

गंमत म्हणजे ‘स्टेशन वॅगन’ हे नाव जन्मलं तेही याच कामातून. रेल्वे स्टेशनवरून प्रवासी आणि त्यांचं सामान नेणाऱ्या गाड्यांना अमेरिकेत हे नाव पडलं. छप्पर थेट मागपर्यंत, मागे उघडणारं दार आणि सीट दुमडली की सामानाला ऐसपैस जागा! इंग्लंडच्या मॉरिस कंपनीने आपल्या ‘ऑक्सफर्ड’ मोटारीला हेच रूप देऊन तिचं नाव ठेवलं ‘ट्रॅव्हलर’. सुरुवातीच्या ट्रॅव्हलरच्या मागच्या भागाला चक्क लाकडी चौकट होती. १९५७च्या मॉडेलमध्ये लाकूड गेलं, संपूर्ण पत्रा आला.

याच ऑक्सफर्डची साधी, डिकीवाली बहीण १९५७-५८च्या सुमारास हुगळीकाठी आली. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिची ‘ॲम्बॅसडर’ केली. तिची वॅगनही निघाली, पण रस्त्यावर ती क्वचितच दिसे. साध्या गाडीतच सात माणसं आणि चार ट्रंका मावत असतील, तर वॅगन हवी कुणाला? लांब पाठीची ॲम्बॅसडर लोकांच्या ओळखीची झाली ती रुग्णवाहिका म्हणून.

उंच छप्पर, सोफ्यासारखी सीट, खड्डे पचवणारे पाटे आणि कुठल्याही नाक्यावरच्या मिस्त्रीला उघडता येईल असं इंजिन, ही तिची पुण्याई. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात उतरणाऱ्या मराठी पाहुण्यांनाही तीच शहर दाखवी. आपल्याकडे मुंबईत हेच काम कुर्ल्याच्या कारखान्यातल्या पद्मिनीने केलं. तिची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

आता पाळी पिवळीची. उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला. कोलकात्यात १५ वर्षांहून जुन्या टॅक्सीला परवानगी नाही; २००८ सालचा उच्च न्यायालयाचा आदेश त्यामागे आहे. नियम असाच राहिला, तर हिशेब २०२९ मध्ये संपतो. धुराचा विचार केला तर नियम चुकीचा म्हणता येणार नाही. पण ज्या ड्रायव्हरचं सारं आयुष्य एकाच गाडीवर गेलं, त्याने साठीच्या घरात नवं कर्ज काढायचं तरी कसं?

आणि आपलं काय? आजच्या छोट्या कॅबमध्ये दोन मोठ्या बॅगा ठेवल्या की डिकी संपते. मुंबईत तर निम्मी जागा सीएनजीच्या टाकीचीच! आजोबा, नातू आणि होल्डॉल यांना मग दोन गाड्या कराव्या लागतात. कोलकात्याला गेलात, तर एकदा तरी सगळे मिळून पिवळीत बसा. दाटीवाटीने बसा, मजा त्यातच आहे.