लांबून पुरलेले सोने दाखविणारे यंत्र : खरे किती, खोटे किती?



उसाच्या बिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की गावात नाना तऱ्हेचे विक्रेते फिरू लागतात. त्यांतलाच एक प्रकार म्हणजे मुठीत धरावयाचे, पुढे फिरती कांडी असलेले यंत्र. "बांधावर उभे राहा, अर्ध्या मैलावरचे पुरलेले सोने कांडी दाखवील," असे सांगतात. हे खरे असू शकेल काय, असे काही सभासदांनी विचारले, म्हणून हा खुलासा.

प्रथम खरा धातुशोधक कसा चालतो ते पाहू. त्याच्या खालच्या थाळीत तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता वीजप्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यामुळे जवळच्या धातूत बारीक प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे क्षेत्र यंत्राला कळते. म्हणजे यंत्राने हाक मारावी आणि धातूने ओ द्यावी, असा हा मामला.

पण अंतर दुप्पट झाले की हाकेचा आठवाच हिस्सा पोहोचतो, आणि परत येणाऱ्या ओचाही आठवा हिस्सा, मिळून चौसष्टावा. साध्या यंत्राला नाणे फार तर फूटभर खोलीवर सापडते. तेच नाणे १०० फुटांवर असले तर ओ ढोबळ मानाने एक लाख कोटी पटींनी क्षीण होईल. ती कोणाला ऐकू येणार? सोने तर स्वतःहून ओळखू येईल अशी कसलीही लहर बाहेर सोडत नाही.

लोखंडाच्या खनिजाचे साठे विमानातून ओळखता येतात, हे खरे. पण ते साठे अवाढव्य आणि चुंबकीय असतात. सोने चुंबकीय नाही. जमिनीत रडारच्या लहरी सोडणारी यंत्रेही आहेत. मात्र आपल्या ओल्या काळ्या रानात त्या लहरी थोड्याच खोलीत जिरून जातात.

कारखान्यातलेच उदाहरण घ्या. गव्हाणीतून उसाबरोबर कोयत्याचा तुकडा, एखादा नटबोल्ट येतो. तो मिलमध्ये जाऊ नये म्हणून लोहचुंबक बसवितात, तो उसाच्या अगदी जवळ. यार्डात बसवून भागले असते तर कोणी तसे केले नसते काय?

मग कांडी फिरते कशी? मनगट नकळत किंचित कलते, आणि मोकळी कांडी तेवढ्यानेही वळते. धरणारा लबाड असलाच पाहिजे असे नाही; त्यालाही खरेच वाटते.

या भ्रमाने जीवही गेले आहेत. इराकमध्ये 'एडीई ६५१' नावाची अशीच कांडीची यंत्रे बाँब शोधण्यासाठी नाक्यांवर वापरली गेली. आत बॅटरीसुद्धा नव्हती. बाँबच्या गाड्या नाक्यांवरून सुखरूप निघून गेल्या. विकणारा जेम्स मॅककॉर्मिक यास २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा दिली. थायलंडने अशाच 'जीटी २००' यंत्राची २०१० साली परीक्षा घेतली. चार डब्यांपैकी एकात स्फोटक ठेवले होते; २० वेळांत बरोबर उत्तर आले फक्त ४ वेळा. डोळे मिटून बोट ठेवले असते तरी ५ वेळा आले असते!

अशीच परीक्षा आपणही घ्यावी. दहा सारखे डबे मांडा, एकात अंगठी ठेवा. ठेवणाऱ्याने तेथून निघून जावे आणि हजर असलेल्या कोणालाही डबा ठाऊक नसावा. असे दहा वेळा करा. विक्रेता "आज हवा बरोबर नाही" म्हणू लागला की समजावे काय ते.

आणखी एक. जमिनीत १० रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. विक्रेता हे सांगत नाही.

सभासदांनी वर्षभर राबून मिळविलेला पैसा बेणे, खत, पाइपलाइन यांत घालावा. कांडीच्या मागे घालू नये, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे आहे.