जंतूंना व्हिसा लागत नाही

घसा धरला, अंग कसकसलं, की होस्टेलमध्ये आपण डॉक्टरकडे जाण्याआधी शेजारच्या रूमवर जातो. तिथे कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या उरलेल्या असतातच. त्या मैत्रीखातर मिळतात, वर 'घे गं, मला लगेच फरक पडला होता' अशी गॅरंटीही मिळते! खरं तर बहुतेक वेळा घसा व्हायरसमुळे धरलेला असतो आणि व्हायरसवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग होत नाही. चार-पाच दिवसांत घसा आपोआप बरा होतो आणि क्रेडिट मात्र गोळीला जातं.

मराठीत अँटिबायोटिकला 'प्रतिजैविक' म्हणतात. (मी पडले कॉन्व्हेंटवाली, हा शब्द मला सेकंड इयरला कळला. हसू नका.) प्रत्येक गोळीबरोबर आपल्या शरीरात एक निवड परीक्षा चालू होते. कमजोर जीवाणू मरतात आणि ज्यांच्याकडे औषधाला पुरून उरायची युक्ती असते ते टिकतात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायसारखा जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे एका रात्रीत त्याच्या कित्येक पिढ्या. त्यातून ही युक्ती बऱ्याचदा 'प्लाझ्मिड' नावाच्या डीएनएच्या छोट्या रिंगवर असते आणि एक जीवाणू ती दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूलासुद्धा देऊ शकतो. मेकॅनिकलची असाइनमेंट पेनड्राइव्हवरून सिव्हिलवाल्याने कॉपी करावी आणि ती चक्क पास व्हावी, तसंच हे! पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने 1945 सालच्या नोबेल भाषणातच सांगितलं होतं की, कमी डोस घेतला तर जंतू औषधाला सरावतील. म्हणजे धोका औषधाइतकाच जुना आहे.

आता यात आंतरराष्ट्रीय काय? तर ही गोष्ट ऐका. 2008 साली भारतीय वंशाचा एक स्वीडिश पेशंट नवी दिल्लीत हॉस्पिटलमध्ये राहून स्वीडनला परतला. तिथे त्याच्या लघवीच्या तपासणीत असा जीवाणू सापडला, ज्याच्यावर कार्बापेनेम गटातली औषधंही चालेनात. ही औषधं म्हणजे बाकी सगळं हरल्यावर डॉक्टर काढतात तो हुकमाचा पत्ता. त्या नव्या जीनला नाव मिळालं एनडीएम-1, आणि त्यातले पहिले दोन शब्द होते 'न्यू डेल्ही'! 2010 मध्ये ब्रिटन, भारत आणि पाकिस्तानातल्या अशा केसेसवरचा पेपर छापून आला आणि आपल्याकडे प्रचंड गदारोळ झाला. आपल्या राजधानीची बदनामी, मेडिकल टूरिझम बुडवायचा डाव, वगैरे. वास्तविक अशा जीन्सना गावांची नावं द्यायची पद्धत जुनीच होती. इटलीतल्या व्हेरोनाच्या नावाने 'व्हीआयएम' आहे. तरी राग मी समजू शकते. पण भांडण नावावरून चाललं होतं, आणि 2011 मध्ये तोच जीन दिल्लीच्या नळाच्या पाण्याच्या काही नमुन्यांतही सापडला.

त्या भांडणातून काही चांगलंही निघालं. 2012 मध्ये भारतीय डॉक्टरांच्या संघटनांनी एकत्र येऊन 'चेन्नई डिक्लरेशन' काढलं. मार्च 2014 पासून 'शेड्यूल एच-1' लागू झालं. त्या यादीतली 46 औषधं विकताना दुकानदाराने पेशंट आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचं, असा नियम आला. नियम चांगला आहे. पाळला किती जातो, ते तुम्ही-आम्ही जाणतोच.

मागे मेसमध्ये आमचं यावरून जोरदार वाजलं. विषय होता, अँटिबायोटिकच्या वापरावर सगळ्या देशांना बांधील असा करार असावा का? मी 'असावा'च्या बाजूने होते. आमच्याकडे भरपूर दारूगोळा होता. 2019 या एका वर्षात जगात औषधाला न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे थेट 12 लाख 70 हजार माणसं गेली आणि 49 लाख 50 हजार मृत्यूंशी त्यांचा संबंध होता, असा अंदाज आहे. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कृती आराखडा केला. सप्टेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांनी जाहीरनामा मान्य केला, की 2030 पर्यंत हे 49 लाख 50 हजार मृत्यू 10 टक्क्यांनी कमी करायचे आणि माणसांसाठी वापरलेल्या अँटिबायोटिक्सपैकी किमान 70 टक्के साध्या, पहिल्या फळीतली असावीत. ऐकायला छान! पण बंधन कुणावरच नाही. जनावरांमधला वापर निदान 30 टक्के कमी करायचा, हा आकडा मसुद्यात होता. शेवटच्या कागदात तो गायब, त्याजागी 'अर्थपूर्ण घट' करण्याचा प्रयत्न. अर्थपूर्ण म्हणजे किती? आपल्या एचओडींना 'मी अर्थपूर्ण अटेंडन्स देईन' असं सांगून बघा!

समोरची बाजूही काही कच्ची नव्हती. त्यांचा पहिलाच मुद्दा असा, की गरीब देशांत पुष्कळ माणसं साधं अँटिबायोटिक वेळेवर न मिळाल्यामुळे मरतात. आपल्या होस्टेलच्या सोलरच्या गरम पाण्यासारखं. सकाळी लवकर उठणारे दोन-दोन बादल्या घेऊन जातात, मग 'प्रत्येकी एकच बादली' असा नियम लागतो. पण ज्या मजल्यावर गरम पाणी पोचतच नाही त्यांनी त्या नियमाचं काय करायचं? श्रीमंत देशांनी कोंबड्या-डुकरांची वजनं वाढवायला अनेक दशकं ही औषधं खाद्यात घातली, युरोपियन युनियनने ते पूर्ण बंद केलं ते 2006 मध्ये. आता बाकीच्यांनी मात्र लगेच बंद करायचं! हा मुद्दा मला मान्य आहे, आणि औषध मिळण्याचा हक्क ज्यात नाही असा करार भारताने सही करू नये, असंच माझं मत आहे.

दुसरा मुद्दा कोलिस्टिनचा. हे शेवटच्या फळीतलं औषध. 2015 मध्ये चीनमध्ये त्याला दाद न देणारा, प्लाझ्मिडवरून पसरणारा जीन जाहीर झाला. चीनने 2017 मध्ये पशुखाद्यात वाढीसाठी कोलिस्टिन घालणं थांबवलं, भारताने 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर बंदी घातली. करार नसताना! मग करार हवाच कशाला?

याला माझं उत्तर पटनचेरूमध्ये आहे. हैदराबादजवळच्या या औद्योगिक भागात अनेक औषध कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणारा प्लांट आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे शुद्ध 'केलेल्या' पाण्यात दर लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडल्याचं 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. जीवाणूंसाठी हा फुकटचा कोचिंग क्लासच! जानेवारी 2020 मध्ये आपल्या सरकारने सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकच्या मर्यादांचा मसुदा काढला. 2021 मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा त्यात नव्हत्या. एकट्या देशाने नियम कडक केले की त्याची गोळी महाग होते आणि ऑर्डर दुसऱ्या देशाला जाते. जिथे एकट्याने शहाणपणा केला तर तोटा होतो, तिथेच सगळ्यांनी मिळून नियम लागतो. डॉक्टरने कुठलं औषध लिहावं हे जिनिव्हात बसून ठरवू नये. सांडपाण्याची मर्यादा मात्र तिथेच ठरावी. शिवाय स्वस्त गोळी घेणाऱ्या देशांनीही त्याचा खर्च उचलावा. नॉर्वेने औषधखरेदीच्या टेंडरमध्ये पर्यावरणाची अट आणलीच आहे.

नवीन औषध काढा ना मग, असं कुणी म्हणेल. अमेरिकेत अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला 2018 मध्ये मंजुरी मिळाली आणि 2019 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. जे औषध जपून, कमीत कमी वापरायचं, ते विकून पैसे कसे मिळणार? म्हणून ब्रिटनने 2022 मध्ये दोन अँटिबायोटिक्ससाठी मेससारखी पद्धत आणली. जेवा किंवा नका जेवू, महिन्याचे पैसे ठरलेले, तसं तिथे कंपनीला वर्षाची ठराविक रक्कम!

राहता राहिला प्रश्न, नियम केला तरी तपासणार कसा? पाण्यातलं इतकं कमी औषध मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, आणि त्याची किंमत ऐकून आपल्या डिपार्टमेंटचं बजेट लाजेल. स्वस्त, नाल्यावर बसवता येईल असा सेन्सर असता तर प्रदूषण मंडळाच्या इन्स्पेक्टरला कारखान्याच्या रिपोर्टवर विसंबावं लागलं नसतं. इन्स्ट्रुमेंटेशन आणि केमिकलवाल्यांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर दोन्ही ब्रँचचे मिळून चार जण पुरेत.