शीचा रंग आणि साठ दिवस

नवजात बाळाची कावीळ घरोघरी दिसते. घाटकोपरमधली चाळ असो की टॉवर, ‘सकाळचं कोवळं ऊन दाखवा, उतरेल’ हा सल्ला ठरलेला असतो आणि बहुतेक बाळांची कावीळ दोन आठवड्यांत उतरतेही. मात्र साधारण १० ते २० हजारांमागे एका बाळाच्या पित्तनलिका बुजत जातात. या आजाराला ‘बिलिअरी अट्रेसिया’ म्हणतात. पित्त आतड्यात न उतरता यकृतातच साचतं आणि यकृत निबर होत जातं. हे उन्हाने किंवा औषधाने बरं होत नाही. जपानी सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५९ साली मांडलेल्या शस्त्रक्रियेत आतड्याचा भाग थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून देतात. बाळ ६० दिवसांचं होण्याआधी ती झाली तर यशाची शक्यता बरीच जास्त असते. पुढे ती घटत जाते.

घाटकोपरहून परळचं वाडिया बालरुग्णालय दूर नाही. निदान लांबतं ते मुख्यतः संशयच न आल्यामुळे. सुरुवातीला बाळ दूध पितं, गुटगुटीतही दिसतं. खूण असते ती लंगोटात. शीला पिवळा रंग पित्तामुळे येतो. पित्त अडलं की शी शाडूच्या मातीसारखी फिकट पडते. तान्ह्या बाळाची लघवी एरवी पाण्यासारखी असते, ती मात्र गडद पिवळे डाग पाडू लागते. तैवानने २००४ पासून शीच्या रंगांचं कार्ड देशभर पालकांच्या हाती दिलं आणि वेळेत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. आपल्याकडेही दीड महिन्याच्या लसीसाठी बाळ राजावाडीसारख्या पालिका रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात येतंच. तेव्हा ‘शी कोणत्या रंगाची होते?’ एवढं विचारलं, तरी हाताशी अडीच आठवडे उरतात.

इतक्या दुर्मीळ आजारासाठी प्रत्येक आईला धास्ती का घालायची, हा आक्षेप रास्त आहे. पण रंग पाहायला पैसे लागत नाहीत. दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकली किंवा शी फिकट दिसली, तरच ‘डायरेक्ट बिलिरुबिन’ची रक्ततपासणी करायची. ‘यकृत प्रत्यारोपण आहेच की,’ असंही कुणी म्हणेल. कासाई शस्त्रक्रियेनंतरही अनेक मुलांना पुढे ते लागतं, हे खरंच आहे. तरी प्रत्यारोपण म्हणजे लाखोंचा खर्च, बहुधा आईवडिलांपैकी कुणाच्या तरी यकृताचा भाग आणि वर्षानुवर्षांची औषधं. ते टळलं किंवा मूल थोडं मोठं होईपर्यंत लांबलं, तरी त्या घराला केवढा आधार! म्हणून कोवळ्या उन्हात बाळाला जरूर न्या, पण लंगोट बदलताना रंगही पाहा.