तीन रात्री, चार दिवस आणि स्वयंपाकाला सुट्टी!

डिसेंबर उजाडला की आमच्या पुण्याच्या ऑफिसात एकच विषय, ‘‘या वेळी कुठे?’’ टीममधली एक मैत्रीण हनिमूनला कॅरिबियनला जाऊन आली आणि आठवडाभर तिचं पालुपद एकच, ‘‘यार, सगळं इनक्लुडेड होतं!’’ मनगटावर एक बँड बांधायचा, की खा, प्या, पोहा, मस्तपैकी लोळा. खिशात हात घालायचा नाही! ही आयडिया तशी जुनीच. ‘क्लब मेड’ने १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून अशी सुट्टी विकली. जमैकात १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘सँडल्स’ने ती आणखी गाजवली.

कॅरिबियन माझ्या बजेटबाहेर. पण आपला गोवा आहे की! आणि या वेळी गँग नाही, आई-बाबा. मी जालन्याची. ‘जालना सोने का पालना’ असं आम्ही मिरवतो खरं, पण आईने अठ्ठावन्न वर्षांत समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला.

फोन केला, तर नकार तयार. आई म्हणाली, ‘‘हळदीकुंकू असतंय रथसप्तमीपर्यंत.’’ बाबा म्हणाले, ‘‘मोसंबीला ताण दिलाय, आता पाणी सोडायचंय. आंबे बहार काय तुझ्या सुट्टीसाठी थांबणार का?’’ शेवटी बाग काकांनी सांभाळायची ठरली, हळदीकुंकू थेट रथसप्तमीवर ढकललं आणि संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. वंदे भारतने मुंबई, तिथून रात्रीच्या कोकणकन्येने मडगाव.

बुकिंग करताना मात्र डोळे उघडे ठेवा. ‘सीपी’ म्हणजे फक्त नाश्ता, ‘एमएपी’ म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, ‘एपी’ म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. तीनही ‘ऑल-इनक्लुझिव्ह’ नव्हेत! ड्रिंक्स, वॉटर स्पोर्ट्स, स्टेशनवरचा पिकअप धरलाय का, ते आधी विचारून घ्या. आणि ख्रिसमस-न्यू इयरची गर्दी टाळा. जानेवारीच्या उत्तरार्धात हवा तीच, रेट कमी.

दक्षिण गोव्यातल्या त्या रिसॉर्टवर निळे बँड बांधले गेले. लंचच्या बुफेला बाबांनी आधी मोसंबीचा ज्यूस गाठला. ‘‘गोड आहे, पण आपली नाही,’’ निकाल लागला. आई जेवून उठली ती ताट घेऊन, धुवायची जागा शोधत!

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली, तर आई पलंगावर नुसती बसलेली. ‘‘काय गं?’’ ‘‘काही नाही. आता काय करू?’’ चाळीस वर्षं पाचला उठून चूल, मग स्टोव्ह, मग गॅस पेटवलेल्या बाईला करायला काही नव्हतं. मला कसंतरीच झालं. मला वाटलेलं, आराम तिला लगेच जमेल.

पुलाशी तर तिचं जमेचना. एवढं निळंशार पाणी, आणि आत चारच माणसं. ‘‘हे पाणी नंतर झाडांना तरी देतात का?’’ मी हसले, पण लगेच गप्प झाले. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. आमचीही निम्मी तोडावी लागली. मी तेव्हा हॉस्टेलवर होते. टँकरच्या रांगेत उभी राहायची ती आईच. बीचवरून येताना पाय धुवायचा नळ कुणी अर्धवट सोडला, की ती वळून बंद करून यायची. दर वेळी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र साडीसकट समुद्रात बसली! लाट आली की बाबांचा हात घट्ट धरून ओरडायची, ‘‘अहो, धरा की!’’ बाबा लाजून इकडेतिकडे बघत होते, पण हात सोडत नव्हते. रात्री जेवताना आई वेटरला म्हणाली, ‘‘सोलकढी आणखी घेऊन या,’’ आणि ताट टेबलावर ठेवून खुशाल उठली. पॅकेजचे पैसे तिथेच वसूल!

ईएमआय सहा महिने चालेल, चालू दे. फॉरेनच्या फोटोंना लाइक्स जास्त मिळतात, हेही खरं. पण बुकिंगआधी एकदा घरी विचारून बघा, कुणाकुणाचा समुद्र अजून बघायचा राहिलाय ते.

परतीच्या गाडीत मी बँड कापायला कात्री काढली. आईने हात मागे घेतला. हिरव्या बांगड्यांपुढे तो निळा बँड.

‘‘राहू दे गं. रथसप्तमीला बायका येणार हायेत.’’